मनगटाचं आधी बघ

येरवडा, पुणे

चि. बाळास,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "काही नाही हो अप्पा, मनगट जरा आखडलंय" म्हणालास आणि ठेवून दिलास. म्हणून लिहायला बसलो. ताईला सांगितलंय, या पानांचे फोटो काढून तुला पाठव. निवांत असशील तेव्हा वाच, पण पुरतं वाच.

इकडे सगळं ठीक. आईचं बीपी ताब्यात आहे. काकूच्या गुडघ्याचं जानेवारीत ठरतंय. पाऊस यंदा लांबला, त्यामुळे आमच्या गोल्फच्या मैदानात आठव्या ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, बुरशी धरली होती, ती आता आटोक्यात आली. तात्यांचा विषय तू डोक्यात ठेवू नकोस, ते माझं आणि त्यांचं आहे.

आसामातल्या दिगबोईचा तुझा फोटो आला, पहिल्या टीवरचा, पहिला फटका मारतानाचा. आई चेहरा बघत बसली, गालफडं बसली म्हणाली. मी डावा हात बघितला. मनगटाला पट्टी होती ते एक वेळ सोड. पण करंगळी ग्रिपवरून सुटली होती. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं दांडा धरतात, बाकीची नुसती सोबतीला, हे तुला पाचवीत असताना सांगितलंय आणि तेव्हापासून ती तीन बोटं कधी ढिली पडलेली मी बघितली नाहीत. दुखत असल्याशिवाय तू ती सोडणार नाहीस.

त्या झुडपातून मारताना काठीचं लोखंडी पातं मुळावर आपटलं, असं तू आईला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, आणि तू पुढच्या गावाला निघालास. मी परवा आपल्या बुधवारच्या चौकडीतल्या डॉक्टरांना गाठलं, हाताची ऑपरेशनं करतात ते. त्यांनी माझाच तळहात धरून दाखवलं. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या बुडाशी, एका लहान हाडाला आकडा असतो. दांड्याचं टोक नेमकं तिथे टेकतं. पातं जमिनीत किंवा मुळात अडकलं की सगळा धक्का त्या आकड्यावर. गोल्फ खेळणाऱ्यांचा तो मोडतो आणि साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, सीटी स्कॅन करावा लागतो. तसंच रेटून खेळलं तर करंगळी वाकवणारी दोरी त्या मोडक्या कडेवर घासून तुटू शकते. वेळेत कळलं तर प्लास्टर, नाहीतर तो तुकडा काढून टाकतात, आणि दोन-तीन महिन्यांत माणूस परत खेळायला लागतो, असं ते म्हणाले. तुला तेच झालंय असं ते म्हणत नाहीत. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढंच म्हणाले. मग बघू देत ना.

तुझं गणित मला कळतं. टूरच्या कमाईच्या यादीत सत्तावन्नावा आहेस, पहिल्या साठांचं कार्ड, म्हणजे पुढच्या वर्षी टूरवर खेळायचा परवाना, राहतं, वर्षातली शेवटची स्पर्धा सोडली आणि मागच्या चौघांनी चांगलं खेळलं तर गेलं. रात्री मीही ताईच्या फोनवर ती यादी बघतो, मागे कोण आहे, किती हजारांचं अंतर आहे. पण कार्ड गेलं तर ते परत मिळवायची पात्रता स्पर्धा, क्यू-स्कूल, आहे. तू एकदा तिथून निघालायस, परत निघशील. मनगटाला क्यू-स्कूल नाही.

लहान होतास तेव्हा पहाटे माझ्याबरोबर येण्याचा हट्ट करायचास. आई ओरडायची, पोराची झोप मोडता. दंवात पाय भिजवत तू होल कटर ओढत न्यायचास, उचलत नव्हता तुला. नवा होल पाडला की सव्वाचार इंचाचा तो मातीचा गड्डा मी तुझ्या ओंजळीत द्यायचो आणि तू तो जुन्या भोकापर्यंत न सांडता न्यायचास. बसवून झाला की पालथं पडून, गाल गवताला लावून बघायचास की वर आलाय का. उंच राहिला तर मशीन त्याचं डोकं कापतं, खोल गेला तर चेंडू वळतो. तुझा गड्डा मला कधी परत काढावा लागला नाही. मेंबर लोक नंतर म्हणायचे की तुझ्या मुलाला ग्रीन वाचता येतं, कुठे शिकला. मी काय सांगणार. तो ग्रीनवर गाल टेकून मोठा झालाय.

तेव्हा मला वाटायचं, फार तर चांगला कॅडी होईल, खेळणाऱ्याची बॅग उचलणारा. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या माळ्याचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, कॅडी म्हणून सुरुवात केलेला, त्याने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, आणि आमच्या शेडमध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता. तू तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत होतास. पुढे इंडियन ओपनही त्याने लागोपाठ दोन वर्षं मारली. महूचा ओमप्रकाश चौहान २०२३ला टूरच्या यादीत पहिला आला तेव्हा तू मला रात्री उठवून सांगितलंस. ही माणसं तुला पाठ आहेत. त्यांनी किती वर्षं धीर धरला तेही पाठ असू दे. उदयन माने टोकियोच्या ऑलिंपिकला गेला तो अर्जेंटिनाच्या खेळाडूने नाव मागे घेतल्यावर. शेवटच्या घडीला दार उघडलं, आणि तेव्हा त्याचा हात धड होता म्हणून तो आत जाऊ शकला. जेवणाचंही तेच, पराठे खाऊन चार दिवस अठरा होल चालणं होत नाही, डाळ-भात कुठेही मिळतो, मागून घ्यावा. रात्री दोनपर्यंत फोनवर स्वतःचेच स्विंग बघत बसायचं आणि सकाळी सातच्या टी-टाइमला डोळे चोळत जायचं, याला मेहनत म्हणत नाहीत.

बघ, भाषण सुरू झालं. आई आत्ताच म्हणाली, पत्र लिहिताय की पोराला उभं करताय. राग मानू नकोस. तू काय सोसून खेळतोस ते मला दिसतं. एक कोटीच्या स्पर्धेत पहिल्याला पंधरा लाख, आणि दोन दिवसांनी पहिल्या पन्नासांत नसलास तर एक रुपया नाही. गाडीभाडं, खोली, कॅडी, सगळं आपल्याच खिशातून. तिघांत एक खोली घेऊन तू खाली गादीवर झोपतोस, हेही मला तुझ्या त्या चंदीगडच्या मित्राकडून कळलं. तिघांत धाकटा म्हणून झोपत असशील, पण मग मनगट कशावर ठेवतोस रे? उशाखाली धरून झोपायची तुझी सवय आहे.

कोलकात्यात टॉलीगंजला चारही दिवस खेळलास ना, त्या शुक्रवारी मी शेडमध्ये कुणाला काम करू दिलं नाही. तुझं नाव यादीत वर सरकलं की म्हातारा ड्रायव्हर मामा मोठ्याने वाचायचा. सतराव्याला बर्डी आली, ठरल्यापेक्षा एक फटका कमी, तेव्हा सेक्रेटरीसाहेब स्वतः चालत आले, माझ्या हातात हात दिला. एवढ्या वर्षांत माझ्या हाताला माती आहे म्हणून मीच हात मागे घ्यायचो. त्या दिवशी नाही घेतला. मला तुझ्याकडून याहून जास्त काही नको आहे, आणि हे मी खरंच सांगतोय. तू मात्र मला अजून काही देणं लागतोस असं समजून खेळत असशील, दुखरा हात घेऊन. तसं असेल तर तो हिशोब आजच मिटव.

आता कामाचं. मंगळवारी संध्याकाळी सहाची वेळ घेतली आहे डॉक्टरांकडे. पैसे ते घेणार नाहीत म्हणतात, स्कॅनचे मी बाजूला काढून ठेवलेत, तुझ्या खात्यातले नकोत. तो अहवाल हातात आला की टूरच्या ऑफिसला फोन करून दुखापतीचं नीट सांग, काय सवलत असेल ती विचार, लाजू नकोस. डॉक्टर खेळ म्हणाले तर त्याच रात्रीच्या गाडीने मी तुला बसवून देईन, आणि पुन्हा मनगटाचं नाव काढणार नाही. बॅग तिथेच मित्राकडे ठेवून ये, प्रवासात डाव्या हाताने उचलायची नाही. तिकीट मिळालं की ताईला कळव.

आई म्हणते, येतोयस तर मेथीचे लाडू डब्यातून पाठवत नाही, इथेच खा.

तुझे,
अप्पा

ता. क. सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळते का, आणि करंगळीला मुंग्या येतात का? डॉक्टरांनी विचारलंय. आईला नाही, मला सांग.