इव्हान्स यांच्यामागचा मालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांच्यावरचा लेख वाचला. इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, सोळाव्या वर्षी एका गावातल्या साप्ताहिकात उमेदवारी, पुढे डार्लिंग्टनच्या ‘नॉर्दर्न एको’चे संपादकपद आणि १९६७ ते १९८१ लंडनचा ‘संडे टाइम्स’ हा प्रवास लेखकाने रंगवून सांगितला आहे. पण सगळे श्रेय संपादकाच्या धाडसाच्या खात्यावर जमा केले, ते काही पटले नाही.

थॅलिडोमाइडचेच घ्या. गरोदरपणातल्या मळमळीवरचे हे औषध ब्रिटनमध्ये डिस्टिलर्स कंपनी विकत होती. १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढले, तोवर शेकडो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. पालकांचे दावे वर्षानुवर्षे लोंबकळत पडले आणि प्रकरण न्यायप्रविष्ट, म्हणून वृत्तपत्रे गप्प. इव्हान्स यांनी २४ सप्टेंबर १९७२ च्या अंकात यातून वाट काढली. कंपनी कायद्याने दोषी आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवला आणि मुलांना देऊ केलेले पैसे लाजिरवाणे आहेत, एवढेच ठणकावून सांगितले. खाली एक तळटीप टाकली: ही शोकांतिका कशी घडली, ते पुढच्या एका लेखात सांगू. झाले! ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, त्या न छापलेल्या लेखावरच मनाईहुकूम आणला. अपील कोर्टाने तो उठवला, तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९७३ मध्ये पुन्हा लावला. लेख छापून यायला जून १९७६ उजाडला. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनविरुद्ध कौल दिला तो १९७९ मध्ये, तोही ११ विरुद्ध ९ असा काठावरचा. मुलांच्या पदरात मात्र त्याआधीच काही पडले होते. साडेबत्तीस लाख पौंडांवर अडून बसलेली कंपनी १९७३ च्या जानेवारीत दोन कोटींवर आली.

(या प्रकरणावर वर्षानुवर्षे काम केलेले ‘संडे टाइम्स’चे पत्रकार फिलिप नाइटली त्याआधी मुंबईत ‘इम्प्रिंट’ मासिकात होते. आपल्या लेखात हा धागा सुटला.)

आता हिशेब करा. एवढी वर्षे कोर्टकचेरी, वकिलांची बिले आणि समोर आपलाच बडा जाहिरातदार. हा खर्च संपादकाच्या खिशातून होत नसतो. मालक रॉय थॉमसन मूळचे कॅनडाचे, पैशाला चिकट म्हणून प्रसिद्ध. पण आपल्या वृत्तपत्रांच्या संपादनात आपण ढवळाढवळ करणार नाही, असे लिहिलेले कार्ड ते खिशात बाळगत आणि कोणी शब्द टाकायला आला की ते पुढे करत. संपादक म्हणून इव्हान्स फुलले ते या कार्डाच्या आडोशाला.

पुढे कामगार संघटनांशी बिनसले आणि १९७८-७९ मध्ये थॉमसन यांचे दोन्ही ‘टाइम्स’, दैनिक आणि ‘संडे’, जवळपास वर्षभर बंद राहिले. थॉमसन घराण्याने कंटाळून १९८१ मध्ये ती वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मरडॉक यांना विकली. तेव्हा हमी किती भक्कम घेतल्या होत्या! संपादकाला नेमायचे-काढायचे तर स्वतंत्र संचालकांची संमती हवी, बातम्या-मतांबाबत मालकाने आदेश द्यायचे नाहीत, सगळे लेखी. इव्हान्स त्या भरवशावर दैनिक ‘टाइम्स’च्या खुर्चीत बसले. माझ्या मते ही त्यांची घोडचूक. ‘संडे टाइम्स’ म्हणजे त्यांनी बांधलेला किल्ला होता, तो आपणहून सोडला. मरडॉक यांच्याशी बिनसले आणि मार्च १९८२ मध्ये राजीनामा. उणेपुरे एक वर्ष.

माणूस तोच, जिद्द तीच. बदलला तो मालक. पुढे अमेरिकेत रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेचे प्रमुखपद, २००४ मध्ये ‘सर’ हा किताब, हे सगळे मिळाले. पण ब्रिटनमधल्या राष्ट्रीय वृत्तपत्राचे संपादकपद त्यांच्याकडे पुन्हा आले नाही.

म्हणून विनंती, की या मालिकेत थॉमसन यांच्यावरही एक लेख यावा. आणि आपल्याकडे संपादक नेमताना त्याला कोणती लेखी हमी मिळते, हेही वाचकांना कधीतरी कळू द्या. सुरुवात आपल्याच वृत्तपत्रापासून केलीत तरी चालेल.

कळावे,
एक जुना वाचक, डोंबिवली