आधी कौलं, मग रहाट

॥ श्री ॥

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

श्रीवर्धनच्या घरात तुझा हा पहिलाच पावसाळा. सासूबाईंना वादळं नवी नाहीत, पण घराची धावपळ आता तुम्हा दोघांवर आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अरबी समुद्रातली चक्रीवादळं बहुतेक एप्रिल ते जून किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत येतात. फयान नोव्हेंबर २००९ मधलं. निसर्ग ३ जून २०२० ला दुपारी तुमच्याच किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्याने. तौक्ते मे २०२१ मध्ये कोकणच्या किनाऱ्याजवळून समुद्रातूनच वर गुजरातला गेलं, तरी जाता जाता झाडं आणि खांब पाडून गेलं. निसर्गचा वारा काही तासांचा. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या कित्येक गावांत वीज यायला मात्र आठवडे लागले. तेव्हा तयारी त्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांची हवी. लोक मेणबत्त्या आणि बिस्किटं आणतात, आणि विहिरीला रहाट नसतो.

पहिलं छप्पर. कौलं वाऱ्याच्या धक्क्याने पडत नाहीत, वर खेचली जातात. वारा आढ्यावरून उतरताना पलीकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, ओढ बसते, शिवाय वळचणीखालून शिरलेला वारा आतून रेटतो. म्हणून आधी वळचणीच्या ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्यावरचे कोने (माथ्यावरची वळीव कौलं) जातात, आणि एकदा तोंड फुटलं की बाकीची भराभर निघतात. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला तारेसाठी भोक असतं. त्यातून जस्ताची तार ओवून रिपेला, म्हणजे कौलं टेकतात त्या लाकडी पट्टीला, पिळून घ्यायची. सगळं छप्पर बांधायची गरज नाही. वळचणीच्या तीन ओळी आणि दोन्ही कडांच्या दोन-दोन पुरेत. कोन्यांचा सिमेंटचा सांधा ठोकून बघायला सांग, पोकळ वाजला तर काढून नव्याने भरायचा. रिपा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघ. टोक आत गेलं तर ती रीप वाळवीने खाल्लेली आहे, तिला तार बांधून उपयोग नाही. कौलं चाळायला माणूस येईल तेव्हाच हे उरकून घे. इशारा आल्यावर तो कोणालाच मिळत नाही.

शंभरेक कौलं मागच्या पडवीत रचून ठेव आणि जाड ताडपत्री घे, १८ बाय २४ फुटांच्या दोन. ताडपत्री वादळाआधी छपरावर घालायची नाही! तिचं शीड होतं आणि ती कौलांसकट जाते. ती नंतरची. पडवीच्या पत्र्यांचे जे-बोल्ट तपास. रबरी वायसर कडक होऊन फुटलेला असेल तर पत्रा बोल्टभोवती फाटतो आणि बोल्ट जागेवर राहून पत्रा तेवढा उडतो. गच्चीवरची टाकी भरलेली ठेव. रिकामी हजार लिटरची टाकी वारा सहज उचलतो.

वाडीत माडांवरच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घे. वाऱ्यात सुटलेला असोला (सालीसकट) नारळ सिमेंटचा पत्रा फोडून आत येतो. घरावर झुकलेली फणसाची फांदी मे महिन्यातच तोडायची, आणि विजेच्या तारेजवळची असेल तर आधी वायरमनला सांगून.

आता पाणी. हे मी मुद्दाम लांबवून लिहिते आहे, कारण बहुतेक घरं इथेच अडतात. पंप आल्यापासून विहिरीचे रहाट काढून टाकले गेले. तुमचा आहे, पण तो फिरतो का ते बघ. कणा गंजला असेल तर ग्रीस घाल, दोर नवा घे, पाण्याच्या तळापेक्षा दहा फूट जास्त. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धर. चौघांना सात दिवसांचं ११२ लिटर होतं. एवढं झाकणाच्या पिंपात आणि कळश्यांत आधीच भरून ठेव, कारण वादळानंतर विहिरीत पाचोळा आणि गढूळ पाणी गेलेलं असतं.

विहीर शुद्ध करायचा हिशोब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, मग गुणिले ७८५. आलेला आकडा लिटरचा. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणीच पोहऱ्याने विहिरीत खाली-वर करून मिसळायचं. चुन्याचा गाळ घालू नको, त्याने पाणी जड होतं. तासाभराने पाण्याला हलका वास यायला हवा. आला नाही तर गढूळपणाने क्लोरीन खाऊन टाकलंय, आणखी घालावी लागेल. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी असते, तेवढी ग्रामपंचायतीतून किंवा आरोग्य केंद्रातून ताजी आण.

वीज: वारा वाढू लागला की मेन स्विच पाड. इन्व्हर्टर घरात करंट देतच राहतो, पाणी शिरायला लागलं तर तोही बंद करायचा. १५० एएचची बॅटरी चांगली असेल तर बाराशेच्या आसपास वॉट-तास देते. पंखा लावलात तर रात्र निघेल, दोन एलईडी दिव्यांवरच भागवलंत तर दीड-दोन दिवस. कोणी जनरेटर आणला आणि घरच्या प्लगमध्ये उलटा जोडतो म्हणाला तर हात धरून थांबव. तो करंट खांबावर काम करणाऱ्या वायरमनपर्यंत पोचतो. वाडीत पडलेली तार मेलेली समजायची नाही, तिला काठीनेही शिवायचं नाही.

घरात कुळथाचं पीठ, पोहे, मेतकूट, गूळ-शेंगदाणे असतातच. फक्त भरलेला जादा सिलिंडर आणि चुलीसाठी कोरड्या सोडणांचं (नारळाच्या सालींचं) पोतं माळ्यावर ठेव. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या. गाडीची टाकी भरलेली, कारण वीज नसेल तर पंप पेट्रोल देत नाही आणि एटीएम पैसे देत नाही. दहा-पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेव, पाचशेची मोड कोणाकडे नसते.

सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक प्लॅस्टिकमध्ये बंद करून अंगाजवळ ठेव. आणि आजच घराचे चारी बाजूंनी, छपराचे, वाडीतल्या माडा-पोफळींचे फोटो काढ. झाडं मोज आणि ई-पीक पाहणीत नोंदव. निसर्गनंतर नारळ-सुपारीची मदत झाडागणिक द्यायची वेळ आली तेव्हा आडवी झालेली झाडं मोजणं किती कठीण ते तलाठ्यांनाही कळलं. वादळानंतर पंचनाम्याआधी ओंडके हलवू नका. रस्ता मोकळा करायचाच असेल तर आधी फोटो.

रेड अलर्ट आला आणि शाळेत हलायला सांगितलं तर वाद घालायचा नाही, कौलारू घरात थांबण्यात शहाणपण नाही. नाहीच जाता आलं तर स्लॅबच्या स्वयंपाकघरात बसा, खिडक्यांपासून लांब. वारा एकदम पडला आणि ऊन दिसलं तर बाहेर पळू नका: तो वादळाचा डोळा, थोड्या वेळाने उलट्या बाजूने पुन्हा तेवढाच वारा येतो, आणि पहिल्या झोडपण्यात ढिली झालेली कौलं तेव्हाच पडतात. त्या दिवशी भरती कधी ते सासूबाईंना विचार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, हे त्यांना तोंडपाठ असेल. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर. फोन लागला नाही तरी एसएमएस बहुधा जातो. मला एक ओळ टाक, बाकीच्यांना मी कळवीन.

रहाटाचा कणा आणि पडवीच्या बोल्टांचे फोटो पाठव. वायसर इथून पाठवायचे असतील तर बोल्टची जाडी मोजून लिही. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
आई