लोखंडी पेटीचा आहेर

आदरणीय काकाजी,
साष्टांग नमस्कार.

हे आभार पाच वर्षं उशिरा मानतेय, आणि चारचौघांत मानतेय. तोंडावर बोलले तर तुम्ही "राहू दे ना बेटा" म्हणून विषय बदलाल.

रिसेप्शनला लॉनवर दोन पोट्ट्यांनी ती काळी लोखंडी पेटी उचलून स्टेजवर आणली तेव्हा पाहुणे हसले होते. खरं सांगते, मलाही लाज वाटली. व्हिडिओत माझं तोंड दिसतं. जन्मभर रेल्वेत गार्ड राहिलेल्या माणसानं (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तुम्हाला ते अजून पटलेलं नाही) लग्नात द्यावी तरी काय, तर गार्डाच्या सामानाच्या लाइन बॉक्ससारखी पेटी! झाकणावर पांढऱ्या रंगात आमची दोघांची नावं आणि खाली 'मुख्यालय : नागपूर'.

यांची बँकेची नोकरी. पहिलीच बदली आसामातल्या सिलचरला. पेटी ट्रकमध्ये टाकायची नाही, सोबत न्यायची, ही तुमची अट आम्ही कुरकुरत पाळली. रात्री नऊला घर उघडलं तर आधीच्या भाडेकरूनं बल्बसुद्धा काढून नेलेले. टॉर्च पेटीतच होता, अगदी वर. त्याच्याखाली दोन बल्ब, टेस्टर, पाना, मोठ्या पिनांचा प्लग, नळाचे वायसर, नायलॉनची दोरी, कुलूप. तळाशी विजेची शेगडी, दोन लिटरचा कुकर आणि काकूंनी बांधून दिलेल्या पुड्या: तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ. दहा वाजता आम्ही वर्तमानपत्रावर खिचडी वाढून घेतली, कारण ताटं तेवढी तुम्ही विसरला होतात.

सामानाचा ट्रक अकरा दिवसांनी आला. आहेरातल्या चार डिनर सेटांपैकी एक त्यात फुटला. उरलेले तीन आईच्या माळ्यावर आहेत.

आणि पेटीतली ती वही! 'गाव सोडताना सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा कर, टर्मिनेशन व्हाउचर घे, नवी जोडणी त्यावर मिळेल. गाडी परराज्यात वर्षाच्या वर राहणार असेल तर आरटीओची एनओसी आधी काढ. मतदार यादीसाठी फॉर्म ८.' तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. दुसऱ्या बदलीला भरूचला जाताना मी एकेका ओळीवर बरोबरची खूण करत गेले. शेवटचं पान मात्र तुम्ही कोरं ठेवलंत, वर फक्त 'तुम्हाला जे कळेल ते'. तिथे मी पहिलंच लिहिलं: दोन ताटं.

आता तिसरी बदली आली आहे, जबलपूरला. त्याआधी आठ दिवस नागपूरला येतोय. काकूंना सांबारवडी करायला सांगा, थंडीतला सांबार (कोथिंबीर) स्वस्त असेल. आणि तो पांढरा रंग कुठून आणला होता जी? झाकणावर तिसरं नाव लिहायचंय. दीड वर्षाचा झालाय.

तुमची,
शेजारची पोरगी