कीगनची क्लिप आणि ९५-९६ चा सीझन

प्रिय सुन्या,

तुझा फॉरवर्ड मिळाला. न्यूकॅसलचा तेव्हाचा मॅनेजर कीगन, त्याची तीच ती हेडफोन लावलेली क्लिप, कॅमेऱ्याकडं बोट नाचवत 'आय विल लव्ह इट' (म्हणजे युनायटेडला हरवलं तर जाम आवडेल), आणि खाली तुझी एक ओळ, "बारा पॉइंटचा लीड घालवणारी टीम." म्हणजे ९५-९६ ची प्रीमियर लीग, न्यूकॅसल पुढं होती आणि टायटल शेवटी युनायटेडनं नेलं, तीच ती जुनी गोष्ट. मोबाईलवर उत्तर टाइप करायला घेतलं पण ते संपेचना, म्हणून आता नीट बसून लिहितोय, तू मँचेस्टर युनायटेडवाला आहेस त्यामुळं पटणार नाहीच, तरी वाच.

पहिलं म्हणजे ती क्लिप कधीची ते बघ. २९ एप्रिल १९९६, लीड्सच्या मैदानावर, आणि न्यूकॅसल ती मॅच १-० जिंकली होती भावा! लोकांना वाटतं हा माणूस टीव्हीवर भडकला आणि त्यामुळं टीम ढासळली. च्यायला, तोपर्यंत युनायटेड तीन पॉइंट पुढं गेलेली, गोल डिफरन्सही (मारलेल्या-खाल्लेल्या गोलांचा फरक) तुमचाच बरा, न्यूकॅसलच्या हातात दोन मॅच उरलेल्या. म्हणजे घर जळून झाल्यावर आलेला धूर होता तो. आणि भडकला तो तरी कशावर, तुमच्या मॅनेजरनं, फर्ग्युसननं, आधीच काडी टाकून ठेवली होती की लीड्सवाले आमच्याविरुद्ध जीव तोडून खेळले, बघू आता न्यूकॅसलविरुद्ध कसे खेळतात. कुणाही सरळ माणसाचं डोकं फिरेल. कीगन सरळच होता, हा त्याचा प्रॉब्लेम म्हण हवं तर.

आता ते बारा पॉइंट. जानेवारीत बोल्टनला हरवलं तेव्हा टेबलावर बारा दिसत होते खरे, पण युनायटेडची एक मॅच बाकी होती, दोन दिवसांनी तुम्ही वेस्ट हॅमला जाऊन जिंकलात आणि बाराचे नऊ झाले. बारा हा आकडा दोन दिवसांचा पाहुणा, पण तीस वर्षं झाली तरी सगळे तोच घेऊन नाचतायत.

मग पुढचं ठरलेलं वाक्य येतं की कीगनला डिफेन्स कळत नव्हता, सगळे पुढं पळायचे, मागं मोकळं मैदान. हे मला सगळ्यात जास्त खटकतं. शेवटचं टेबल काढून बघ एकदा. युनायटेडनं गोल खाल्ले ३५, न्यूकॅसलनं ३७. दोनचा फरक. आणि मारले किती? युनायटेड ७३, न्यूकॅसल ६६. म्हणजे ज्यांना आपण अटॅकवाले वेडे म्हणतो त्यांनी तुमच्यापेक्षा सात गोल कमी मारले. लेस फर्डिनंडचे एकट्याचे २५, जिनोला डाव्या बाजूनं बॅकला नाचवतोय, बियर्डस्ली सगळीकडं, तरी सात कमी.

खरं दुखणं कुठं होतं सांगू? बाहेरगावी. घरच्या मैदानावर १९ पैकी १७ जिंकल्या, एक ड्रॉ, एक हार. बाहेर मात्र सात जिंकल्या आणि सात हरल्या. आणि घरची ती एक हार म्हणजे ४ मार्चची, तुमच्याविरुद्ध. त्या रात्रीपर्यंत सेंट जेम्स पार्कवर, म्हणजे आपल्या घरी, त्यांनी लीगमध्ये एक पॉइंटसुद्धा कुणाला दिला नव्हता.

ती मॅच मी नंतर कधीतरी यूट्यूबवर अख्खी बघितली, तेव्हा आपण सगळेच वर्ल्ड कपच्या नादात होतो, नऊ दिवसांनी ईडन गार्डनवर कांबळी रडत बाहेर आला, इंग्लंडात काय चाललंय कुणाला पडलेली! पण ती बघ तू परत, पहिला अर्धा तास तरी बघच. फर्डिनंड एकदा घुसला, समोर तुमचा कीपर श्मायकेल. परत घुसला, परत श्मायकेल. अल्बेरची फ्रीकिक बारवर. बॅटी ब्लॅकबर्नवरून नुकताच आलेला, त्याची पहिलीच मॅच, असा खेळतोय जणू दहा वर्षं तिथंच आहे. हाफटाइमला ३-० असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. आणि मग ५१व्या मिनिटाला डावीकडनं फिल नेव्हिलचा क्रॉस येतो, लांबच्या पोस्टला कॅन्टोना एकटा, टप्पा पडायच्या आत लाथ, १-०. संपलं. याला घाबरून हरणं म्हणतात होय? त्या दिवशी गोलकीपरनं मॅच जिंकली, बास.

कॅन्टोनाबद्दल मात्र मी काही वाईट बोलणार नाही. सेल्हर्स्ट पार्कला प्रेक्षकाला लाथ घालून आठ महिने बाहेर बसलेला माणूस, ऑक्टोबरमध्ये परत येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये सलग सहा लीग मॅचमध्ये गोल मारतो, त्यातल्या चार मॅच १-० नं जिंकलेल्या! न्यूकॅसल, आर्सेनल, टॉटनहॅम, कॉव्हेंट्री. क्यूपीआरला तर इंज्युरी टाइममध्ये मारून हरलेली मॅच वाचवली. तुम्ही लोक 'पोरांनी जिंकलं' म्हणून बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधूंचं कौतुक करता, टीव्हीवरच्या हॅन्सनचं ते ऑगस्टमधलं वाक्य, 'पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही', काढून हसता, पण वसंतात टायटल खेचून आणलं ते एका तिशीला टेकलेल्या फ्रेंच माणसानं आणि एका डॅनिश कीपरनं. पोरं होती बरोबर, मान्य.

(साउदॅम्प्टनला तुम्ही करड्या जर्सीत ३-० मागं पडून हाफटाइमला जर्सी बदलली, "पोरं एकमेकांना दिसत नव्हती" म्हणे. हे कीगननं केलं असतं तर तू त्याचीसुद्धा क्लिप पाठवली असतीस.)

आता न्यूकॅसलचा कोलंबियन फॉरवर्ड अ‍ॅस्प्रिया. फेब्रुवारीत इटलीतल्या पार्माहून आणला, बर्फात फरचा कोट घालून उतरला आणि सगळे म्हणतात की त्यानं चालती गाडी बिघडवली, विंगर गिलेस्पीची जागा गेली, बॅलन्स गेला. पहिल्याच दिवशी मिडल्सब्रोला सब म्हणून आला तेव्हा टीम १-० मागं होती, तिथनं २-१ जिंकली. ३ एप्रिलला अ‍ॅनफिल्डला लिव्हरपूलविरुद्ध ती ४-३ नं हरलेली मॅच झाली त्यातला पहिला गोल त्यानं फर्डिनंडला बनवून दिला, तिसरा स्वतः मारला. माणूस आणखी काय करणार? ती मॅच न्यूकॅसल २-१ आणि ३-२ अशी दोनदा पुढं होती, मग लिव्हरपूलचा कॉलिमोर ६८ व्या मिनिटाला, आणि परत कॉलिमोर इंज्युरी टाइमला, आणि कीगन जाहिरातीच्या बोर्डावर मान टाकून पडलेला. इथं बॅकलाइनला शिव्या घाल, मी पण घालतो.

पण मला विचारशील तर अ‍ॅनफिल्डपेक्षा पाच दिवसांनंतरची ब्लॅकबर्न जास्त लागली. बॅटीनं आपल्याच जुन्या क्लबवर गोल मारून १-० केलेलं, ८६ मिनिटं झालेली. आणि ग्रॅहम फेंटन नावाचा सब येऊन तीन-चार मिनिटांत दोन मारतो. हा फेंटन टाइनसाइडचाच पोरगा, लहानपणापासून न्यूकॅसलचा फॅन. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला आपल्याच पेठेतलं पोरगं समोरच्या तालमीकडून खेळावं आणि शेवटच्या मिनिटाला आपल्यावरच गोल मारावा, आणि रात्री त्यानं आपल्याच गल्लीतनं घरी जायचं. तसं.

शेवटी नॉटिंगहॅम फॉरेस्टला १-१, टॉटनहॅमला घरी १-१, तिकडं तुम्ही मिडल्सब्रोला ३-० मारली आणि ८२ विरुद्ध ७८. चार पॉइंट. ४ मार्चची ती एक मॅच उलटी झाली असती, न्यूकॅसलचे तीन वाढले असते आणि तुमचे तीन गेले असते, तर हिशोब तूच कर, कॉमर्सवाला आहेस.

आणि एक राहिलं. त्याच उन्हाळ्यात ब्लॅकबर्नचा स्ट्रायकर शियरर दीड कोटी पाउंडला, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, तुम्हाला नाही म्हणून कीगनकडं आला. २० ऑक्टोबर ९६ ला सेंट जेम्स पार्कवर युनायटेडला पाच-शून्य. पीकॉक, जिनोला, फर्डिनंड, शियरर, आणि पाचवा सेंटरबॅक अल्बेरनं श्मायकेलच्या डोक्यावरनं अलगद चिप केलेला. सेंटरबॅकनं, सुन्या! त्याची क्लिप मी या पत्राबरोबर पाठवतोय, ग्रुपवर टाकायची हिंमत असेल तर टाक.

वहिनींना नमस्कार सांग. दिवाळीत येतोय, तेव्हा समोरासमोर भांडू, मिसळचे पैसे तू द्यायचे.

तुझाच,
नंदू