खुले पत्र : कर्करोग आटोक्यात, साखर वाऱ्यावर

माननीय आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस सविनय नमस्कार.

आमच्या खानापूर तालुक्यात मागे झालेल्या एका आरोग्य शिबिरात वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माइकवरून जाहीर केले होते की, कर्करोगाच्या जुन्या रुग्णांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी यापुढे दरमहा तालुक्यातच होईल. त्या भरवशावर मी परवा उपाशीपोटी गेलो, तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या आहेत आणि कॅन्सरची फाइल इथे चालत नाही, तुम्ही बेळगावलाच जा, असे सांगून मला वाटेला लावण्यात आले.

मी निवृत्त शिक्षक आहे. दर तीन महिन्यांनी पोटात टोचलेल्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) कर्करोगाची गाठ दबली, पीएसए, म्हणजे या कर्करोगाचा माग ठेवणारा रक्तातला आकडा, खाली आला आणि सर्वांनी माझे अभिनंदन केले. पुढे भर थंडीत दरदरून घाम फुटू लागला, दंडाचे मांस उतरले, पोट सुटले, आणि छातीत कळ येऊन अतिदक्षता विभागात पडलो तेव्हा कळले की साखर कधीचीच वाढलेली होती. माझ्या जाडजूड फाइलीत पीएसएचे सगळे कागद नीट लावलेले आहेत. साखरेचा एकही नाही. अँजिओप्लास्टीचे कर्ज पेन्शनीतून फिटते आहे, एवढेच.

याला कोणी नशीब म्हणू नये. ही इंजेक्शने पुरुषी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, दाबतात; ते दाबले की स्नायू घटतात, चरबी वाढते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. अमेरिकेतील ७३ हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या इंजेक्शनांमुळे मधुमेहाचा धोका ४४ टक्क्यांनी आणि हृदयरोगाचा १६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०१० मध्ये तिथल्या औषध नियामकाने हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. त्याच वर्षी आपल्याकडे कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. कागदावर चौघे एकत्र कुटुंबात नांदतात. खिडक्या मात्र वेगळ्या, आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस पलीकडे बोट दाखवतो.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना आपली आरोग्य योजना देऊ केली, तेव्हा आपल्या कर्नाटक सरकारचा स्वाभिमान तत्काळ जागा झाला. आमच्यावर हक्क सांगायला दोन राज्ये आहेत, रक्त तपासायला एकही नाही. पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हा जुना दंडकही बहुधा एखाद्या सरकारी फाइलीत झोपला असावा.

माझे मागणे लहान आहे. हार्मोनचे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर खेपेस त्याच टेबलावर रक्तदाब आणि साखर, तीन महिन्यांच्या सरासरीसह, तपासली जावी. कोलेस्टेरॉल आणि ईसीजी वेळोवेळी व्हावे. धोक्याची माहिती मराठीतही मिळावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, कोनशिलाही लागत नाही, आणि कदाचित अडचण तीच असावी. हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावात याल, तेव्हा पूर्वसूचना न देता एखाद्या तालुका रुग्णालयात जाऊन पट्ट्यांचा साठा मागून पाहावा.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक