वहीला औषध म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या रुग्णांनी मनातले लिहून काढावे असे सुचवणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतील लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण अंडाशयाच्या कर्करोगाविषयी मराठी वृत्तपत्रांत फारसे काही येत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ‘लिहा आणि कर्करोगावर मात करा’ या मथळ्यापाशीच अडले. लेखातला सल्ला चांगला आहे, मथळा चुकीचा आहे आणि या आजाराच्या बाईला तो बोचणारा आहे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या याच आजारपणात गेली तीन वर्षे मी त्यांच्यासोबत आहे. त्यांच्या संमतीने आणि त्यांना वाचून दाखवून हे लिहीत आहे.

या आजाराची सुरुवातच फसवी असते. पोट फुगल्यासारखे वाटणे, चार घास खाल्ले की पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही लक्षणे पन्नाशी उलटलेल्या कोणत्या बाईला कधी जाणवली नाहीत? जाऊबाईंनी पाच महिने ओवा, हिंग आणि ॲसिडिटीच्या गोळ्या यांवर काढले. नातीचे बारसे होऊन जाऊ दे, मग दाखवू, असे म्हणत दोनदा डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलले. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी झालेले होते आणि आजार तिसऱ्या टप्प्यात होता. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत निदान असेच उशिरा होते. स्तनांच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी असते, तशी सरसकट सगळ्या स्त्रियांना उपयोगी पडेल अशी चाचणी या आजारासाठी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांचा दीर्घ अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा अशा तपासण्यांमुळे मृत्यू कमी होत नाहीत असेच दिसले. म्हणजे ‘मी आधीच का नाही दाखवले’ हा जो काटा रुग्णाच्या मनात रुततो, तो पुष्कळ अंशी अन्यायाचा असतो. पण तो रुततोच, आणि तो कोणाला दाखवायचा हा प्रश्न उरतो.

दर एकवीस दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या औषधांच्या केमोथेरपीची एक फेरी, म्हणजे सायकल, अशा सहा सायकल झाल्या, तीन शस्त्रक्रियेआधी आणि तीन नंतर. रुग्णालयाच्या डे-केअरमध्ये, म्हणजे दिवसापुरत्या उपचारांच्या कक्षात, सकाळी खुर्चीत बसले की संध्याकाळपर्यंत सलाइन चालू. समोरून जाणारी ओळखीची माणसे विचारत, ‘केम छो?’ आणि हाताला सुई टोचलेली असताना जाऊबाई सवयीने उत्तर देत, ‘मजामां!’ बडोद्यात राहणाऱ्याला या प्रश्नाचे दुसरे उत्तर येतच नाही. आपल्या मराठी घरांची रीतही काही वेगळी नाही. माझ्या सासूबाई माहेरी पोस्टकार्ड लिहीत, त्याची पहिली ओळ ठरलेली असे : ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ घरात दोघे तापाने फणफणलेले असले तरी हीच ओळ. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यात मुलींनाही घेतले, त्यामुळे आमच्याकडच्या बायकांना चार पिढ्या लिहिता येते. पण लिहिणे म्हणजे किराण्याची यादी, दुधाचा हिशेब आणि हे क्षेमकुशल. आपल्याला काय वाटते ते कागदावर उतरवायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

ते सांगितले डे-केअरमधल्या एका समाजसेविका बाईंनी, दुसऱ्या सायकलच्या वेळी. वीस मिनिटे लिहा, शुद्धलेखन पाहू नका, चांगलेच लिहिले पाहिजे असे नाही, कोणाला दाखवू नका, वाटले तर फाडून टाका, एवढाच त्यांचा सल्ला. जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणवली. ती वही मी आजवर वाचलेली नाही. पण खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसून लसूण सोलताना एवढे दिसे की अक्षरांना शिरोरेषा नाही. त्यांचे शिक्षण गुजराती माध्यमात झाले. बोलणे घरचे मराठी, हात मात्र गुजराती लिपीला सरावलेला. तेव्हा त्या मराठीच लिहीत होत्या, पण गुजराती अक्षरांत. मी जन्मभर मराठी शिकवले, त्यामुळे माझा जीव क्षणभर वरखाली झाला हे कबूल करते. पण मग वाटले, ज्या हाताने वेगाने लिहिता येते त्याच हाताने लिहावे.

आता संशोधनाविषयी, कारण आपल्या लेखात ‘शास्त्राने सिद्ध झाले आहे’ असे मोघम वाक्य आहे. असे लिहून काढण्याच्या पद्धतीचा अभ्यास अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सुरू केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहिले. ज्यांनी आयुष्यातल्या दुःखद प्रसंगाची हकिगत आणि त्याविषयीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहून होताक्षणी त्यांना बरे नव्हे, उलट अधिक उदास वाटले होते, ही गोष्ट लोकप्रिय लेखांतून नेहमी गळते. २००२ मध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या साठ रुग्णांवर असाच प्रयोग झाला, त्यातही लिहिणाऱ्यांचे त्रासापायी डॉक्टरांकडे जाणे कमी झाले. पुढे चित्र एवढे उजळ राहिले नाही. २०१५ मध्ये कर्करुग्णांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सरसकट सगळ्यांना ठळक फायदा होतो असे आढळले नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आणि त्यांचे जोडीदार यांना घेऊन ब्रिटनमध्ये झालेली एक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही लिहिल्यामुळे ताण किंवा जीवनमान यांत एकंदर फरक पडलेला दिसला नाही. गाठ लहान होते, आयुष्य वाढते असे तर काहीच दिसलेले नाही.

मग मी या वहीची बाजू का घेते? कारण आम्ही तिच्याकडून औषधाचे काम मागितलेच नव्हते. आजारी बाईच्या भोवती दिवसभर माणसे असतात आणि त्या सगळ्यांना धीर देण्याचे काम तिलाच करावे लागते. मुलाचा पुण्याहून फोन आला की आवाज नीट करायचा, नणंद रडू लागली की तिला पाणी द्यायचे, भेटायला आलेल्याने ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हटले की मान डोलवायची. वीस मिनिटे असे कोणतेच काम नाही, ही सोयच केवढी मोठी. जाऊबाईंनी स्वतःहून एकच पान मला वाचून दाखवले. त्यात पोटातले पाणी काढले त्या दिवसाची हकिगत होती : नर्सने बाटल्या ओळीने जमिनीवर ठेवल्या, आणि त्यांना आठवल्या त्या उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेल्या लिंबाच्या सरबताच्या बाटल्या. तेच पान पुढे बारशाकडे वळले आणि ‘मी पुढे ढकलले’ हे वाक्य तीन वेळा आले. वाचून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘हे मी ह्यांना सांगू शकले नसते.’

वहीचा उपयोग ज्या एका अटीवर अवलंबून आहे, ती अट आमच्याच घरात मोडली, म्हणून तेही लिहिते. चौथ्या सायकलनंतर भाऊजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, काळजीपोटी वही उघडली. त्यात त्यांच्याविषयी लिहिले होते की रोज सकाळी ‘आज फ्रेश दिसतेस’ म्हणतात ते मला सहन होत नाही. भाऊजी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर बोलले नाहीत. जाऊबाईंनी दीड महिना पेनला हात लावला नाही. शेवटी भाऊजीच एक दिवस मांडवीतून कुलूप असलेला पत्र्याचा लहान डबा आणि नवी वही घेऊन आले आणि किल्ली जाऊबाईंच्या हातात ठेवली. सकाळचे ते वाक्यही बंद झाले. हा शेवट बरा झाला तो भाऊजींचा स्वभाव म्हणून. सगळीकडे तसा होईलच असे नाही. घरच्यांनी वही न वाचणे हाच या गोष्टीचा पाया आहे, आणि आपल्या लेखात त्याविषयी एक अक्षर नव्हते.

दुसरी राहून गेलेली गोष्ट हातांची. पॅक्लिटॅक्सेलमुळे बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पाचव्या सायकलनंतर जाऊबाईंच्या हातातून पेन सुटू लागले. तेव्हा बॉलपेनला रबराची नळी चढवून जाड केले, आणि तेही जमेना त्या दिवशी त्या मोबाइलवर बोलून ठेवत आणि ऐकून झाले की पुसून टाकत. आजार चौदा महिन्यांनी उलटला. आता दर तीन महिन्यांनी सीए-१२५चा आकडा येतो, आणि तो येण्याच्या आदल्या रात्री आत दिवा चालू असतो. पहाटेपर्यंत दिवा चालू राहिला, झोप अनेक रात्री लागली नाही, जगणेच नको असे मनात येऊ लागले, तर मात्र वहीवर भागवू नये. ते डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगायचे असते, आणि तसे आम्ही एकदा सांगितलेही.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. शहरातल्या डे-केअरमध्ये रुग्ण सहा-सात तास बसून असतात आणि भिंतीवर टीव्ही मोठ्याने चालू असतो. तिथे हव्या त्या रुग्णाला एक वही, जाड पेन आणि मधे ओढायचा पडदा एवढे देण्याला खर्च फार नाही. कोणत्याही भाषेत, कोणत्याही लिपीत लिहा आणि नको असेल तर लिहू नका, हे सांगणारे माणूस मात्र हवे. दुसरी विनंती आपल्याला. त्या लेखाचा मथळा पुढच्या अंकात दुरुस्त करावा. मात करायची जबाबदारी लिहिणाऱ्या बाईवर टाकली, तर ज्या दिवशी आकडा वाढलेला येईल त्या दिवशी तिला वाटेल की आपले लिहिणेच कमी पडले. जाऊबाईंनी तो मथळा वाचला तेव्हा पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि मला विचारले, ‘मी काय चुकीचे लिहिते का गं?’

नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे