दादा, इकडं पाऊस आला

म्हसवडजवळची एक वाडी, ता. माण, जि. सातारा
दसरा, 8 ऑक्टोबर 2019

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

आमच्याकडं पाऊस आला. उत्तरा सरता सरता सुरू झाला आणि हस्तानं तर सलग दोन रात्री झोपू दिलं नाही. एवढंच सांगायला चार वेळा फोन हातात घेतला आणि चारही वेळा खाली ठेवला. दोन महिन्यांपूर्वी सांगलीकडच्या पुरात ज्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्याला पावसाचा आनंद कोणत्या तोंडानं सांगायचा? म्हणून लिहायला बसले. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, पण तुमचं नाव घालत नाही. चाऱ्याच्या गाडीवर बॅनर लावायलाही तुम्ही नको म्हणाला होता, ते माझ्या ध्यानात आहे.

आधी पावसाचंच सांगते. गोठ्यावरचे निम्मे पत्रे आम्ही जानेवारीत दुष्काळातल्या जनावरांच्या चारा छावणीवर नेले होते, ते परत बसवायचे राहिले होते. रात्री साडेअकराला पाऊस कोसळला तेव्हा चारही खिलार गाई उघड्यावरच होत्या. मी आणि सासरे आबा कंदील घेऊन धावलो, दावी सोडली, पत्र्याखाली ओढायला लागलो, एकही हलेना. माना खाली घालून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. छावणीत जन्मलेला खोंड तेवढा बिथरला. सहा महिन्यांचा झाला, पण अंगावर पाणी पडतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आधी आईच्या पोटाखाली घुसला, मग तिच्या पाठीवरून ओघळणारं पाणी जिभेनं चाटायला लागला. आबा कंदील धरून ते बघत उभे राहिले. त्यांचा हात थरथरत होता. मी काही बोलले नाही.

सकाळी ओढ्याला पाणी होतं. गढूळ, काटक्या आणि प्लास्टिक घेऊन चाललेलं, पण पाणी. बांध भरला होता. चौथ्या दिवशी विहिरीच्या तळाची कपार बुडाली. मागच्या सव्वा वर्षात त्या विहिरीत आम्ही फक्त टँकरचं पाणी ओतलं होतं.

तुमची आमची ओळख नव्हती, हे आता खरं वाटत नाही. 31 ऑक्टोबर 2018 ला सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होता. पण आमच्या दारात तो त्याच्या आधीच आला होता. दिवाळीला कणगी रिकामी, जानेवारीत कडबा संपला. गाई-बैल घेऊन आम्ही छावणीवर गेलो. मी आणि आबा तिकडं, सासूबाई आणि पोरं घरी. सकाळी शेण काढायचं, चाऱ्याच्या रांगेत उभं राहायचं, कानातला बिल्ला मोबाइलनं टिपून हजेरी द्यायची, दुपारी शेडनेटच्या सावलीत बसायचं, रात्री चार दगडांच्या चुलीवर भाकरी. छावणी होती म्हणून गाई वाचल्या. तिथल्या राबणाऱ्या पोरांचे उपकार मी विसरणार नाही.

पण आमच्या दोन घोड्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हत्या. मोठ्या जनावराला दिवसाला सरकारचे 90 रुपये, पुढं मेमध्ये 100 झाले. लहान जनावराला त्याच्या निम्मे. मोठं जनावर म्हणजे गाय, बैल, म्हैस. घोडीचं काय, हे कुठल्याच कागदात नव्हतं. लिहून घेणाऱ्याचा त्यात दोष नव्हता. त्यानं तीनदा वर विचारलं आणि तीनदा मान हलवली. मग आम्ही चंद्रा आणि तुळजाला छावणीच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली बांधलं. आपल्या वाट्याच्या चाऱ्यातनं गाईंच्या तोंडचं काढून त्यांना घालायचं आणि त्याचं वाईट वाटत राहायचं.

येणारे-जाणारे म्हणायचे, दुष्काळात घोडी पाळायची म्हणजे चैन. त्यांना काय माहीत! आमची तट्टं भीमथडीची, ठेंगणी, कणखर खुरांची. आबांच्या वडिलांनी पहिली घोडी धनगराच्या बिऱ्हाडातनं आणली होती. पाठीवर संसार, कोकरं आणि कोंबड्या घेऊन घाट उतरणारी ती जात. मराठ्यांच्या फौजांनी याच तट्टांवर मुलूख पालथा घातला. लग्नसराईत चंद्राच्या वराती आमच्या घरचा किराणा भरतात आणि देवाच्या पालखीपुढं तुळजा चालते. त्या साली लग्नंही लोकांनी आटोपती घेतली, वराती बंद झाल्या. एक व्यापारी येऊन भाव सांगून गेला. तो भाव ऐकून आबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मार्चमध्ये तुमचा ट्रक उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन आला. माणसं गाडी खाली करत होती आणि तुम्ही कुंपणाबाहेर जाऊन घोड्यांपाशी उभे होतात. मला वाटलं, हेही विचारणार, किती पैसे मिळतात हिचे. तुम्ही विचारलंत, "हिला कितवा महिना?" तुळजा गाभण आहे हे छावणीतल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, इतकी ती वाळली होती.

मग गव्हाणीत बघितलंत आणि पहिल्यांदा आवाज चढवलात. वाढे घोडीला घालू नका, म्हणालात. गाई रवंथ करतात, वाढ्यातलं ऑक्झलेट त्यांच्या पोटात बरंचसं जिरतं, तरी त्यांनासुद्धा चुन्याची निवळी शिंपडून द्यावे लागतात. घोडं रवंथ करत नाही. त्याच्या हाडांतला चुना त्या वाढ्यापायी झिजत जातो, आणि गाभण घोडीच्या तर पोटातल्या जिवालाच तो कमी पडतो. तुमच्या मामाकडं घोडा होता, तिथं शिकलात म्हणालात. आमच्याकडं तीन पिढ्या घोडी आहे, पण वाढे कधी घालावेच लागले नव्हते. आमचा चारा कडबा, रानातलं गवत आणि भिजवलेला हुलगा. त्या साली हुलगा पेरला तो उगवलाच नाही.

आठ दिवसांनी तुळजाला पोटशूळ उठला. रात्री दहाला पुढच्या पायानं माती उकरायला लागली, मान वळवून कुशीकडं बघायची, घामानं निथळायची, मग आडवी होऊन लोळायची. मी कुणाला फोन करणार? तुमचा नंबर चाऱ्याच्या पावतीच्या मागं लिहिलेला होता. तुम्ही पहिल्या रिंगला उचललात. "लोळू देऊ नका, उठवून चालवा. खायला काही घालू नका. घोडं ओकत नाही, पोटात गेलेलं पुढंच सरकायला पाहिजे." पहाटे चारपर्यंत आबा आणि मी आळीपाळीनं तिला चालवत होतो. दर अर्ध्या तासानं तुमचा फोन. सकाळी डॉक्टरांनी नाकातनं नळी घालून तेल सोडलं, दहा वाजता तिनं लीद टाकली. लीद बघून आपण रडलो, असं पुढं कधी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आम्ही दोघं रडलो.

दुपारी तुम्ही पिकअप घेऊन हजर. नव्वदेक किलोमीटर, रात्रीची झोप नाही. आबांना म्हणालात, "काका, लेक माहेरी पाठवतात ना बाळंतपणाला? द्या माझ्याकडं." आबांनी पैशाचं विचारलं, तर तुम्ही पिकअपची फळी लावायला लागलात. खरं सांगते दादा, चंद्रा आणि तुळजा दोघींना घेऊन गाडी वळणाआड गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो, आता उद्यापासून गाईंचा चारा गाईंना पोटभर मिळेल. नंतर त्या विचाराची लाज वाटली, आणि मग कळलं की तुम्ही तेही ओळखूनच आला होता.

बेंदूर छावणीतच झाला. शिंगांना रंग लावला, पोळ्या एकाच चुलीवर आळीपाळीनं केल्या. त्याच्या दोनच दिवस आधी, आषाढीला, तुमचा फोन आला. शिंगरू झालं, मादी आहे, दोन तासांत उभं राहून दूध प्यायलं. तुमच्या लेकीनं त्याचं नाव ढगी ठेवलं. आमच्या डोक्यावर तेव्हा एकही ढग नव्हता. ते नाव ऐकून सासूबाईंनी तिकडच्या दिशेला हात जोडले.

आणि मग ऑगस्ट.

छावणीतल्या एकाच मोबाइलवर आम्ही सगळे बातम्या बघत होतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरावर पडलेलं पाणी ते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच साताऱ्याच्या पूर्वेला आम्हाला चांगल्या सालीही पाचशेच्या आसपास. ज्या पाण्याची आम्ही वाट बघत होतो ते तुमच्या घरात शिरलं होतं. दोन दिवस तुमचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला, आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "ताई, घोड्या बऱ्या आहेत, शिंगरू पण." माळावरच्या शाळेपाशी बांधल्यात, वहिनी त्यांच्याजवळ आहेत. मग मी घराचं विचारलं, तेव्हा कुठं तुम्ही सांगितलंत, की आतली भिंत गेली, गंजी वाहून गेली, आठ दिवसांपासून ऊस पाण्याखाली आहे. आधी घोड्या हलवल्यात आणि मग घरातलं सामान, हे मला वहिनींकडून सप्टेंबरात कळलं.

त्या दिवशी छावणीतल्या बायकांनी भाकरी थापायला घेतल्या. द्यायला चारा नव्हता, पैसा नव्हता. ज्वारीचं पीठ होतं, शेंगदाण्याची चटणी होती. रात्रभर चुली विझल्या नाहीत. सकाळी टेंपो भरून सांगलीकडं गेला. त्यातली एक तरी भाकरी तुमच्या वस्तीपर्यंत पोचली का, ते मी विचारलं नाही.

आता इथलं आमचं रोजचं. टँकर बंद झाला, घागरींची रांग मोडली, थोरली परत वेळेवर शाळेत जायला लागली. पाऊस आला म्हणून गाई मोकळ्या सोडल्या नाहीत. वैरणीला टाकलेली ज्वारी वाळून खुंटली होती, तिला आता हिरवे कोंब फुटलेत. त्या कोवळ्या, खुंटल्या ज्वारीला किराळ असते, म्हणजे विष. एखादी गाय तोंड घालते आणि अर्ध्या तासात कोसळते. आबांनी त्या तुकड्याभोवती बोरीच्या फांद्या लावल्यात आणि दिवसातनं दोनदा बघून येतात. नव्या गवतावरही आधी थोडा कोरडा चारा घालूनच नेतो, नाहीतर पोट फुगतं. घटसर्प, फऱ्याच्या लसी छावणीतच झाल्या होत्या. पत्रे बसवले. काल वाफसा आला, मालदांडी ज्वारी पेरायला घेतली. बैल अजून अशक्त आहेत, म्हणून निम्म्या दिवसावरच पाभर सोडतो.

सकाळी वहिनींनी फोटो पाठवला. तुमच्या दारात चंद्रा आणि तुळजा, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि मध्ये शिंगरू, त्याला माळ नको असल्यासारखं मान वर करून. मागं अजून न बांधलेली भिंत दिसते. आबांनी तो फोटो मोठा करून करून बघितला. मग म्हणाले, तिला लिही. तिला म्हणजे वहिनींना. त्यांनी रात्री शाळेच्या ओट्यावर घोड्यांपाशी जागून काढल्या, त्याचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत. तुम्ही दोघांनी आमची जनावरं तुमची म्हणून नेली आणि तुमचं घर पाण्यात असताना ती आमची म्हणून सांभाळली. मी जन्मभर हे विसरणार नाही, आणि माझ्या पोरांनाही विसरू देणार नाही.

कोजागिरी झाली की आबा आणि मी पिकअप घेऊन येतो. चार दिवस राहणार आहोत. आबांना दगडमातीचं काम येतं, आतली भिंत त्यांच्या हातानं उभी करून देतो म्हणालेत. नको म्हणू नका, त्यांनी थापी-ओळंबा आत्ताच काढून ठेवलाय. घोड्या घेऊन जाऊ. ढगीला आईजवळ राहू दे अजून तीन महिने, दूध तुटायला हवं. जानेवारीत ती परत तुमच्याकडं येईल, कायमची. तुमच्या लेकीला आत्ताच सांगून टाका, म्हणजे आम्ही निघताना ती रडणार नाही. आणि फेब्रुवारीत ज्वारी निघाली की पहिल्या पाचशे पेंढ्या कडबा तुमच्या गंजीला. गंजीची जागा यंदा जरा उंचावर धरा.

एवढासा हुलगा हाती लागलाय. पायलीभर असेल. तो सोबत आणतेय. आम्ही यायच्या आदल्या रात्री घोड्यांना दुसरं काही भिजत घालू नका.

तुमची,
म्हसवडकडची ताई